लोगो फाटतो कुठे?

आज एकच प्रश्न घेऊया. मोबाइलवर झकास दिसणारा लोगो फ्लेक्सवर का फाटतो?

साधा हिशोब आहे. तुमचा पीएनजी १००० पिक्सेल रुंद, आणि दुकानाचा फ्लेक्स १० फूट, म्हणजे १२० इंच. एका इंचाच्या वाट्याला जेमतेम ८ पिक्सेल. मग कडा जिन्यासारख्या दिसणारच ना!

व्हेक्टर फाइलीत पिक्सेल नसतात, रेषांचं गणित असतं. कितीही मोठी करा, धार तशीच. म्हणून छपाईवाल्याला एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या. त्याआधी इंकस्केपमध्ये अक्षरं निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, नाहीतर त्याच्याकडे तो फाँट नसला की अक्षरांचं रूपच बदलतं. मूळ फाइलीची प्रत मात्र वेगळी ठेवा. पाथ झालेली अक्षरं पुन्हा टाइप करून बदलता येत नाहीत.

पीएनजीच हवाय? व्हिजिटिंग कार्डावर लोगो २ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे ६०० पिक्सेल. हा आकडा एक्सपोर्ट करतानाच टाका. छोटा पीएनजी नंतर ताणून काही उपयोग नाही.

आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्लेक्सचे पैसे एकदाच जातात हो, पण फाटका लोगो दुकानावर रोज लटकतो!