परग्रहावरून हल्ला आणि घरातली मुलं

परग्रहवासीयांच्या हल्ल्याचा चित्रपट किशोरवयीन मुलांना दाखवावा का? ठरवताना त्यातली यंत्रं किती अक्राळविक्राळ आहेत, ते पाहू नका. माणसांचं काय होतं, ते पाहा. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 2005 चा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ घ्या. नायकाची छोटी मुलगी रेचल नदीकाठी उभी असते… आणि पाण्यातून प्रेतं वाहत येतात. पुढे बाप तिचे डोळे बांधतो, आणि बंद दाराआड एका माणसाला मारतो. ते पडद्यावर दिसत नाही, तरी मनातून जात नाही.

कुणी म्हणेल, मुलं मोबाइलवर याहून भयंकर पाहतात. खरंय. पण तिथे शेजारी बोलायला कुणी नसतं. पुन्हा सांगते, माणसांचं काय होतं, ते पाहा. तेरा-चौदाच्या मुलांना हा चित्रपट जरूर दाखवा, मात्र सोबत बसून.