शस्त्राची पारख : दोन पिस्तुलांची कसोटी

(सुरक्षा दलांतील निवृत्त अधिकारी, नेमबाजीचे प्रशिक्षक आणि युवा कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय काहींना फारच तांत्रिक वाटेल. पॉलिमरचा सांगाडा आणि घोड्याऐवजी स्ट्रायकर असलेली जी पिस्तुले आज जगभरच्या सैनिकांच्या आणि पोलिसांच्या कमरेला दिसतात, त्यांतून निवड कशी करावी, हा तो विषय होय. आपल्यापैकी बहुतेकांना ही निवड प्रत्यक्षात कधी करावी लागणार नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार ९ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्याकडे 'प्रतिबंधित बोअर' या वर्गात मोडते आणि ते योग्यच आहे. परंतु आपली मुले सैन्यात आहेत, पोलिसांत आहेत, राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलात आहेत. त्यांच्या हाती कोणते शस्त्र द्यायचे हे कोणीतरी ठरवीत असतो आणि त्याचा खर्च तुम्ही-आम्ही करीत असतो. तो ठरविणारा काय पाहतो आणि काय पाहावयाचे राहून जाते, हे समजून घेणे म्हणूनच आपल्या हिताचे आहे.

एका पडदे-दांड्यांच्या कारखानदाराची गोष्ट

या प्रकारच्या पिस्तुलाचा प्रसार ऑस्ट्रियातून झाला. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख या कंपनीने १९७०मध्येच प्लास्टिकचा सांगाडा असलेले पिस्तूल बाजारात आणले होते, परंतु त्याला फारसे यश लाभले नाही. १९८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याला महायुद्धकालीन वॉल्थर पिस्तुले बदलावयाची होती. व्हिएन्नाजवळील डॉइच-वाग्राम येथे गास्टन ग्लॉक नावाचे एक अभियंते पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवीत असत. पिस्तूल त्यांनी पूर्वी कधीही बनविले नव्हते. त्यांनी जाणकारांना एकत्र बसवून 'तुम्हाला पिस्तुलाकडून काय हवे?' एवढेच विचारले आणि ते उत्तर समोर ठेवून रचना केली. १९८२मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते स्वीकारले. हा त्यांचा सतरावा शोध-हक्क, म्हणून नाव पडले ग्लॉक १७. मॅगझिनमध्येही सतराच गोळ्या मावतात, हा केवळ योगायोग.

या पिस्तुलाचे सुटे भाग साधारणपणे चौतीस. मोकळे असताना वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर. सांगाडा गंजत नाही. परंतु खरा बदल होता तो चापाचा. जुन्या पद्धतीच्या, उदाहरणार्थ अमेरिकी सैन्याने १९८५मध्ये घेतलेल्या बेरेटा पिस्तुलात, पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड लागतो आणि दुसऱ्या गोळीपासून हलका होतो. म्हणजे नवशिक्याला एकाच शस्त्राचे दोन चाप शिकावे लागतात. स्ट्रायकरच्या पिस्तुलात पहिल्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत चाप एकसारखा. शिकविणाऱ्याचा निम्मा भार येथेच हलका होतो.

नॉर्वेने १९८५मध्ये ते घेतले. ब्रिटनने २०१३मध्ये जुने ब्राउनिंग बाजूला ठेवून पंचवीस हजारांहून अधिक ग्लॉक मागविले. तेरा गोळ्यांच्या जागी सतरा आणि शस्त्र चटकन कामी येणे, ही त्यामागील कारणे होती. आपले राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलही ग्लॉक वापरते.

त्यानंतर प्रतिस्पर्धी पुढे आले. स्मिथ अँड वेसनचे एम अँड पी २००५मध्ये, हेकलर अँड कॉखचे व्हीपी ९ हे २०१४मध्ये आले. वॉल्थर आणि चेक प्रजासत्ताकाची सीझेडही या स्पर्धेत आहेत. सिग सॉयरचे पी ३२० हे सर्वांत मोठा करार मिळविणारे ठरले.

अमेरिकेची निवड

अमेरिकी सैन्याने बेरेटाला पर्याय शोधण्यासाठी २०१५मध्ये निविदा मागविल्या. अखेरीस ग्लॉक आणि सिग अशा दोन कंपन्या उरल्या. जानेवारी २०१७मध्ये सिगच्या पी ३२०ची निवड जाहीर झाली. कराराची कमाल मर्यादा ५८ कोटी डॉलर होती. ग्लॉकने आक्षेप नोंदविला. तेथील सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने जून २०१७मध्ये तो फेटाळला. त्या निर्णयातून एक गोष्ट जगापुढे आली. सिगची मूल्यांकित किंमत ग्लॉकपेक्षा दहा कोटी डॉलरहून अधिक कमी होती आणि हा फरक निर्णायक ठरला होता.

यात गैर काहीच नाही. सार्वजनिक पैशाचा विनियोग करणाऱ्याने किंमत पाहिलीच पाहिजे. पी ३२०मध्ये एक गुणही मोठा होता. त्याचा चाप आणि त्यामागील यंत्रणा एका स्वतंत्र धातूच्या पेटीत बसविलेली आहे. कायद्याच्या दृष्टीने ती पेटी म्हणजेच पिस्तूल. तिच्याभोवतीची पॉलिमरची मूठ लहान, मध्यम किंवा मोठी, हवी तशी बदलता येते.

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास असलेल्यांना 'फिरंग' तलवार ठाऊक असेल. पाते युरोपातून आलेले आणि मूठ मात्र आपल्या कारागिराने आपल्या हाताच्या मापाने घडविलेली. शस्त्र कोठूनही येवो, मूठ वापरणाऱ्याच्या हातात बसली पाहिजे, हे आपल्या पूर्वजांना उमगले होते. लहान हाताच्या सैनिकाला, स्त्री पोलिसाला ही बाब आज किती महत्त्वाची आहे, हे कोणत्याही प्रशिक्षकास विचारावे. बोटाचे टोक चापावर सरळ पोहोचत नसेल, तर उत्तम पिस्तूलही गोळी बाजूलाच नेते.

न विचारलेला प्रश्न

आता मी ज्या मुद्द्यासाठी उभा आहे तो सांगतो.

या दोन पिस्तुलांत आतील रचनेचा एक भेद आहे. ग्लॉकमध्ये स्लाइड मागे-पुढे झाल्यावर स्ट्रायकरची स्प्रिंग अर्धवटच ताणली जाते. उरलेला ताण चाप ओढणारे बोट देते. शिवाय चापाच्या मधोमध एक पाते असते. ते दाबले गेल्याशिवाय चाप मागे येत नाही. पी ३२०मध्ये स्ट्रायकर जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो, चापाने तो केवळ सोडायचा असतो. त्यामुळे चाप मऊ व स्वच्छ वाटतो, नेमबाज त्यावर खूश होतो. चापातील ते पाते मात्र त्यात नाही. स्ट्रायकरला अडविणारी एक आतील कळ दोन्ही पिस्तुलांत आहे.

अमेरिकी सैन्याच्या चाचण्यांत पी ३२० खाली पाडून पाहताना त्याचा स्ट्रायकर काडतुसाच्या टोपीवर आदळला. उपाय म्हणून चाप आणि त्याच्या जोडीचे भाग हलके करण्यात आले. परंतु बाजारात आणि पोलिसांकडे गेलेल्या त्याच जातीच्या पिस्तुलांत ही दुरुस्ती नव्हती. ऑगस्ट २०१७मध्ये काही स्वतंत्र परीक्षकांनी पिस्तूल एका विशिष्ट तिरक्या कोनात, मागील बाजूवर पाडले आणि ते उडाले. कारण शाळेत शिकविले जाणारे भौतिकशास्त्रच होते. पिस्तूल जमिनीवर आदळून थांबले, पण जड चाप स्वतःच्या जडत्वाने पुढचा प्रवास करीत राहिला आणि त्याने जणू स्वतःलाच ओढले. डॅलस शहराच्या पोलिसांनी ते पिस्तूल तात्पुरते बंद केले. कंपनीने त्याच महिन्यात सर्व ग्राहकांसाठी विनामूल्य सुधारणा जाहीर केली.

बंधूंनो, ध्यानात घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. त्या पिस्तुलाने उद्योगातील प्रचलित पाडण्याच्या चाचण्या पार केलेल्या होत्या. त्यात लबाडी नव्हती. त्या चाचण्यांत तो कोन नव्हता, इतकेच. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला पिस्तुलाने बरोबर उत्तर दिले होते. जो प्रश्न कोणी विचारलाच नाही, त्याचे उत्तर पुढे रस्त्यावर मिळाले.

घाईने निकाल नको

त्यानंतर चाप न ओढता पिस्तूल उडाल्याच्या तक्रारी अमेरिकेत येतच राहिल्या. २०२४मध्ये जॉर्जिया आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील खटल्यांत ज्युरींनी कंपनीच्या विरोधात निकाल दिले, तर अन्य काही दावे न्यायालयांनी फेटाळले. चाप ओढल्याशिवाय पिस्तूल उडू शकत नाही, ही कंपनीची भूमिका कायम आहे.

जुलै २०२५मध्ये वायोमिंगमधील हवाई तळावर एक सैनिक मृत्युमुखी पडला. तेव्हा वायुदलाच्या संबंधित विभागाने या पिस्तुलाच्या लहान आवृत्तीचा, एम १८चा, वापर थांबविला. सर्वत्र पिस्तुलालाच दोष दिला गेला. ऑगस्टमध्ये तपासणीनंतर ते पुन्हा वापरात आले आणि त्या मृत्यूप्रकरणी एका सहकारी सैनिकास खोटी माहिती दिल्याच्या व सदोष मनुष्यवधाच्या संशयावरून अटक झाल्याचे समोर आले.

या दोन घटना शेजारी ठेवाव्यात. २०१७मध्ये दोष शस्त्रात होता आणि तो प्रयोगाने सिद्ध झाला. २०२५मध्ये शस्त्रावर बोट दाखविणे सोपे होते, पण तपास माणसाकडे वळला. ज्याला निवड करावयाची आहे त्याने दोन्ही मोह टाळले पाहिजेत. आपण निवडलेल्या शस्त्राचा दोष झाकण्याचा मोह एक आणि माणसाचा दोष शस्त्रावर ढकलण्याचा दुसरा.

चाप जड केल्याने काय होते?

कोणी म्हणेल, एवढी भीती असेल तर चाप जड करावा. हा प्रयोगही झालेला आहे. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी जुनी रिव्हॉल्व्हरे सोडून ही पिस्तुले घेतली, तेव्हा चाप बारा पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेपाच किलोचा मागितला. ग्लॉकचा नेहमीचा चाप अडीच किलोच्या आसपास असतो. आता हिशेब करा. भरलेले पिस्तूल एक किलोहून थोडे कमी. त्यावर साडेपाच किलोचा जोर एकाच बोटाने द्यावयाचा. नळी हलल्यावाचून कशी राहील? अनवधानाने सुटणारी गोळी रोखण्यासाठी केलेला उपाय हेतुपूर्वक सोडलेल्या गोळीचा नेम बिघडवितो आणि शहरात चुकलेली गोळी रस्त्यावरील कोणालाही लागू शकते.

स्वतंत्र सुरक्षा-कळीचेही तसेच. अमेरिकी सैन्याने आपल्या पिस्तुलावर अंगठ्याने चालणारी कळ मागून घेतली. ग्लॉकच्या नेहमीच्या पिस्तुलावर ती नसते. कळ असावी की नसावी हा वाद रंगतो, पण उत्तर सरावाच्या तासांत आहे. ज्या दलाला वर्षाकाठी मोजकीच काडतुसे सरावाला मिळतात, त्याच्या जवानाचा अंगठा आणीबाणीच्या क्षणी ती कळ विसरू शकतो. कळ नसेल, तर चाप झाकणारे चांगले होल्स्टर आणि चापाबाहेर राहणारे बोट, हीच त्याची सुरक्षा.

साफसफाईच्या वेळचा एक बारकावाही सांगतो. ग्लॉक उघडण्यापूर्वी चाप ओढावा लागतो. चेंबरमध्ये काडतूस राहून गेले असेल, तर अपघात तेथेच ठरलेला. पी ३२० आणि एम अँड पी चाप न ओढता उघडता येतात. येथे ग्लॉक मागे पडते. गुण एकाच बाजूला कधीच नसतात.

मग निवड कशी करावी?

माझे उत्तर थोडक्यात सांगतो. या पिस्तुलांपैकी कोणतेही एक निर्विवाद श्रेष्ठ नाही. ज्या दलाला वर्षानुवर्षांचा अनुभव पाठीशी असलेले आणि बदल न करता चालणारे शस्त्र हवे, त्याने ग्लॉककडे पाहावे. ज्या दलात हातांची मापे फार भिन्न आहेत, त्याने बदलत्या मुठीचा विचार अवश्य करावा. मात्र पी ३२० घ्यावयाचे झाल्यास २०१७नंतरची सुधारणा प्रत्येक पिस्तुलात आहे, याची खातरजमा स्वतः करावी.

आणि निविदेचा कागद लिहिण्यापूर्वी चाचणीचा कागद लिहावा. पिस्तूल प्रत्येक कोनात पाडावे, केवळ पुस्तकातील कोनांत नव्हे. कोकणच्या पावसात, राजस्थानच्या वाळूत, सियाचिनच्या थंडीत ते चालवावे. आपल्याच कारखान्यांतील काडतुसे त्यात घालून पाहावीत. ते सराईत नेमबाजाच्या हाती देऊन थांबू नये. वर्षातून एकदाच गोळी झाडणाऱ्या हवालदाराच्या आणि नुकत्याच भरती झालेल्या मुलीच्या हातीही द्यावे. होल्स्टर, सुटे भाग आणि सरावाची काडतुसे यांची किंमत पहिल्याच दिवशी बेरजेत धरावी. आढळलेला दोष केवळ आपल्या फाइलीत ठेवू नये, ज्यांच्या ज्यांच्या कमरेला तेच शस्त्र आहे त्या सर्वांना कळवावा. अमेरिकेत नेमकी हीच कडी तुटली होती.

आपल्या सैन्याच्या हाती आजही मोठ्या प्रमाणावर ईशापूरच्या कारखान्यात बनलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल आहे. त्याचे मूळ १९३५च्या ब्राउनिंगमध्ये आहे. त्याने प्रामाणिक सेवा केली. आज ना उद्या त्याची जागा नवे पिस्तूल घेईल. ते बाहेरून येवो वा पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रसंशोधन संस्थेसारख्या आपल्याच प्रयोगशाळेतून येवो, त्याची परीक्षा सारखीच कठोर झाली पाहिजे. 'स्वदेशी आहे' म्हणून सवलत नको आणि 'अमेरिकेने घेतले' म्हणून तर मुळीच नको. सवलत दिलेल्या शस्त्राची किंमत अखेर ते बाळगणारा जवान मोजतो.

ग्लॉकने कारखाना उभा करण्यापूर्वी जाणकारांना एक प्रश्न विचारला होता. आपल्यापैकी जे उद्या खरेदी-समित्यांवर बसतील, प्रशिक्षक होतील, प्रयोगशाळांत काम करतील, त्यांनी शस्त्र हाती घेण्यापूर्वी असेच प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.