दोन प्रश्न



अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसापुढे दोन प्रश्न असतात : आपला माणूस वाचेल का, आणि बिल कसे भागेल? पहिल्याचे निश्चित उत्तर पुष्कळदा डॉक्टरांजवळही नसते. तेथे ईश्वरावरील श्रद्धाच आधार देते.

श्रद्धा म्हणजे मनासारखे घडेल अशी हमी नव्हे. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकाराममहाराजांची पहिली पत्नी गेली, व्यापार बुडाला. पुढे त्यांनी भावाच्या वाट्याची कर्जखते त्याच्या स्वाधीन केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. स्वतःचा उद्या देवावर सोपवताना त्यांनी ऋणकोंच्या डोक्यावरचा भार उतरवला. भावाचा हक्क मात्र राखला.

दुसरा प्रश्न देवावर ढकलण्याचा अधिकार आपल्याला नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तो अपुरा पडतो तेव्हा देणगीदारांचे औदार्य कामी येते.

नातेवाईकांना विनंती, दागिने गहाण टाकण्यापूर्वी शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन आमच्या समाजसेवा विभागात या. प्रार्थना करणाऱ्या मनाला पैशाच्या काळजीतून मोकळे करणे, हीच आमची ईश्वरसेवा होय.