मेंदूतल्या पेशी कोणी मोजल्या?

श्रोतेहो, एखादा मुलगा अवघड हिशेब चटकन सोडवू लागला की आपण म्हणतो, याचे डोके चांगले चालते. पण त्या डोक्यात जे चालते ते आहे तरी किती? मेंदूच्या शास्त्राच्या पुस्तकांतून याचे उत्तर वर्षानुवर्षे छापले जात होते. माणसाच्या मेंदूत दहा हजार कोटी मज्जापेशी असतात, असे ते उत्तर. विद्यार्थी ते पाठ करीत, परीक्षेत लिहीत, आणि पुढे मास्तर झाले की तेच शिकवीत. हा आकडा मुळात मोजला कोणी, ते मात्र पुस्तकात नसे.

ज्यांनी हे विचारले ते लोक लंडनचे की न्यूयॉर्कचे, असे तुम्ही म्हणाल. तसे नव्हे. दक्षिण अमेरिकेत ब्राझील नावाचा मोठा देश आहे. आपल्यासारखाच उसाचा आणि कॉफीचा. तिथे रिओ द जानेरो शहरात 1920 साली स्थापन झालेले एक सरकारी विद्यापीठ आहे. ब्राझीलच्या 1988 सालच्या राज्यघटनेप्रमाणे सरकारी विद्यापीठात फी घेत नाहीत. प्रवेशपरीक्षा मात्र कडक. त्यामुळे होई असे की महागड्या खाजगी शाळांतली मुले परीक्षेत वर येत आणि पुढचे शिक्षण फुकट घेत. साध्या सरकारी शाळेतली मुले दाराबाहेरच राहत. फी माफ केली म्हणजे दार उघडले, असे नसते. अखेर 2012 साली कायदा होऊन केंद्र सरकारच्या विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राखल्या गेल्या.

या विद्यापीठात सुझाना हर्कुलानो-हुझेल नावाच्या एक बाई शिकल्या. त्यांचा विषय डॉक्टरकीचा नव्हता, जीवशास्त्राचा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण मेंदू म्हटला की तो डॉक्टरांचाच प्रांत, असे आपल्याकडे पालकही समजतात आणि शिक्षकही. पुढे परदेशी शिकून त्या रिओला परतल्या. तिथल्या लोकांना मेंदूविषयी काय ठाऊक आहे, याची त्यांनी चौकशी केली. माणूस आपल्या मेंदूचा दहावाच हिस्सा वापरतो, ही भाकडकथा पुष्कळांना खरी वाटत होती. तिचे मूळ शोधता शोधता त्या पेशींच्या आकड्यापाशी आल्या, आणि त्या आकड्याला आधारच सापडेना!

मग मोजायचे कसे? मेंदूच्या पातळ चकत्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजण्याची जुनी रीत होती. पण मेंदू सगळीकडे सारखा नसतो. तुमच्या शेताचेच पाहा ना. एका कोपऱ्यात पीक दाट, दुसरीकडे विरळ. एका कोपऱ्यावरून सगळ्या शेताचा अंदाज बांधला तर तो फसणारच. हर्कुलानो-हुझेलबाई आणि त्याच विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्टो लेंट यांनी एक सोपी युक्ती काढली. औषधात घट्ट केलेला मेंदू काचेच्या नळीत घोटायचा. त्यात साबणासारखे द्रव्य असते. त्याने पेशींची आवरणे विरघळतात, पण प्रत्येक पेशीचे केंद्रक शाबूत राहते. एका पेशीला केंद्रक एकच, म्हणजे केंद्रके मोजली की पेशी मोजल्या! हे कढण नीट ढवळले की दाट-विरळ हा भेदच उरत नाही. मग त्यातले थेंबभर घ्यायचे, रंग द्यायचा आणि मोजायचे. बाजारात व्यापारी पोत्यात नळी खुपसून दाण्यांचा नमुना काढतो, तसेच. कोट्यवधींचे यंत्र त्याला लागत नाही, आणि ज्या प्रयोगशाळेत पैशाची चणचण असते तिथे ही गोष्ट लहान नव्हे.

2005 साली त्यांनी उंदराच्या जातीच्या घुशीएवढ्या प्राण्याचा मेंदू मोजला. त्यात मज्जापेशी निघाल्या सुमारे 20 कोटी. 2009 साली मरण पावलेल्या चार माणसांचे मेंदू मोजले. सरासरी निघाली 8,600 कोटी. चारच मेंदू, आणि तेही वयस्क पुरुषांचे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी तो मोजलेला आकडा होता. मज्जापेशींना आधार देणाऱ्या इतर पेशी दहापट असतात असेही पुस्तके सांगत. त्या जवळजवळ तेवढ्याच भरल्या.

आता हत्तीचे ऐका. आफ्रिकेतल्या हत्तीचा मेंदू आपल्या तिप्पट मोठा. 2014 साली मोजला तेव्हा त्यात 25,700 कोटी मज्जापेशी निघाल्या. मग हत्ती आपल्याहून शहाणा का नाही? त्यातल्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव पेशी मागच्या लहान मेंदूत होत्या. विचाराशी ज्याचा जास्त संबंध, त्या वरच्या सुरकुतलेल्या थरात हत्तीच्या पेशी 560 कोटी, आणि आपल्या 1,600 कोटी.

लेंटसाहेबांनी विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक लिहिले होते. त्याचे नावच होते ‘दहा हजार कोटी मज्जापेशी’, अर्थात त्यांच्या भाषेत. नव्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी त्या नावापुढे प्रश्नचिन्ह घातले. आपल्याच पुस्तकाच्या नावावर शंका छापणारा मास्तर मला फार मोठा वाटतो.

पण सरकारी विद्यापीठाची दुसरी बाजूही आहे. संशोधनाचा पैसा आटत गेला. काम चालू राहावे म्हणून बाईंना लोकांकडे वर्गणी मागावी लागली, आणि 2016 साली त्या अमेरिकेतल्या एका खाजगी विद्यापीठात गेल्या. ज्या देशाने फी न घेता शिकवले, त्याला मोजणाराच राखता आला नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही मोजणी तुम्हांला वर्गात करून दाखवता येईल. परातभर ज्वारी घ्या, तीत शंभर उडीद मोजून टाका आणि सगळे कालवा. मुलांना एकेक वाटी भरून घेऊ द्या. किती वाट्या झाल्या ते मोजा. मग एकाच वाटीतले उडीद मोजून परातीतल्या सगळ्या उडदांचा हिशेब मांडायला सांगा. दुसऱ्या खेपेस उडीद एका कडेला ओतून न कालवताच वाट्या भरायला लावा, आणि कोणाचे उत्तर किती येते ते फळ्यावर लिहा.