कोऱ्या वहीवर अंगठा देऊं नका

(अच्छाड, ता. तलासरी, जि. पालघर येथील पालकसभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



कोणी वाडींतलें काम सोडून, कोणी भिलाड-वापीकडील कारखान्याची पाळी चुकवून तुम्ही येथें आलां आहांत. एका दिवसाची मजुरी बुडाली म्हणजे हातावर पोट असणाऱ्या घरीं काय होतें, हें मला ठाऊक आहे. तेव्हां नमनाला घडाभर तेल न घालतां एकाच गोष्टीविषयीं बोलतों. आपल्या गांवच्या शाळेचा कारभार कायद्यानें आपल्या हातीं दिला आहे. पण तो हातीं घेण्यास आपण पुढें येत नाहीं.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, शाळा सरकारची. जिल्हा परिषद ती चालविते. आम्हां अडाण्यांचा तेथें काय अधिकार?" माझें उत्तर ऐका. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याचें एकविसावें कलम सांगतें कीं, शाळेस व्यवस्थापन समिती असावी. तिच्यांत चारांपैकीं निदान तीन सभासद मुलांचे आईबाप असावेत. एकंदरींत निम्म्या स्त्रिया असाव्यात. आणि दुर्बल व वंचित वर्गांच्या पालकांस त्यांच्या संख्येच्या मानानें जागा असाव्यात. आपल्या महाराष्ट्रांत अध्यक्ष हा पालकांमधून निवडावयाचा असतो. मुख्याध्यापक हा समितीचा चिटणीस आहे, मालक नव्हे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, शाळेच्या विकासाची योजना करणें आणि आलेला पैसा कसा खर्च झाला तें पाहणें, हीं समितीचीं कामें आहेत. दरमहा एक सभा भरावी, तिचें टिपण ठेवावें आणि तें कोणासही पाहतां यावें, असा नियम आहे.

आतां प्रत्यक्षांत काय चालतें तें पाहा. पुष्कळ गांवीं सभा भरतच नाहीं. महिनाअखेर वही घरोघर फिरते. वर कागद कोरा असतो. "बाई, येथें अंगठा द्या," असें म्हटलें कीं, सुपांत तांदूळ पाखडणारी आई हात पुसून अंगठा देते. मागाहून त्या अंगठ्याच्या वर कोणीतरी लिहितो, "छपराच्या दुरुस्तीचें काम समाधानकारक झालें, सबब बिल मंजूर." आषाढांत वर्ग गळूं लागला कीं आपण विचारावयास जातों, तर उत्तर मिळतें, "ठराव तुमच्याच सहीचा आहे!"

मंडळी, कोऱ्या कागदावरचा अंगठा आपल्या घराण्यांस नवा नाहीं. सावकाराच्या कागदावर असेच अंगठे देऊन आपल्या आजे-पणज्यांच्या जमिनी गेल्या. आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी गांवीं २३ मे १९४५ रोजीं हजारों वारली जमले आणि गोदावरीबाई परुळेकर यांच्यासमक्ष त्यांनीं ठरविलें कीं, यापुढें वेठ करावयाची नाहीं. ज्यांनीं जमीनदाराची वेठ नाकारली, त्यांच्या नातवंडांनीं शाळेच्या वहीवर डोळे मिटून अंगठा द्यावा काय?

पैसा थोडा आहे म्हणून दुर्लक्ष करूं नका. समग्र शिक्षा योजनेंत शंभराहून अधिक व अडीचशेपर्यंत मुलें असलेल्या शाळेस वर्षाचें संयुक्त अनुदान ५०,००० रुपये ठरलेलें आहे, आणि त्याचा निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चावयाचा आहे. मुलींचें संडासघर कुलुपांत असेल तर हा दहावा हिस्सा कोठें गेला, हें विचारण्याचा तुम्हांस हक्क आहे. दुपारच्या जेवणाचा हिशेब तर आमच्या आयाबहिणी तोंडींच करतील. पहिली ते पांचवीच्या मुलास रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य. खालच्या वर्गांत ऐंशीं मुलें हजर असलीं तर आठ किलो तांदूळ शिजला पाहिजे. ज्या बाईनें जन्मभर पायलीनें भात मोजला, तिला हा हिशेब कोणी शिकवावयास नको.

आतां ठेक्याचें उदाहरण घ्या. गणवेशासाठीं मुलामागें दोन जोडांचे ६०० रुपये येत, आणि समिती जवळच्या शिंप्याकडून ते शिवून घेई. २०२४-२५ सालीं सरकारनें सगळ्या राज्यासाठीं एकच गणवेश करण्याचें मनावर घेतलें. कापडाची खरेदी वरून केली आणि शिलाई महिला बचतगटांकडे दिली. परिणाम काय झाला? ठिकठिकाणीं झेंडावंदनाचा दिवस उलटला तरी गणवेश पोंचले नाहींत. जे पोंचले ते कोठें आखूड, कोठें ढगळ. ओरड झाली, तेव्हां डिसेंबर २०२४ मध्यें सरकारनें तो निर्णय फिरविला आणि पुढील वर्षापासून काम पुन्हा समित्यांकडे सोंपविलें. बचतगटांतल्या बायांचा यांत दोष नाहीं. मंत्रालयांत बसून पोराच्या बाहीचें माप घेतां येत नाहीं, एवढाच याचा अर्थ.

पण काम गांवांत परत आलें म्हणजे तें आपोआप चोख होतें, असेंही नाहीं. समितीनें निदान तिघांकडून दर मागवावे. कापडाचा नमुना सभेंत सर्वांच्या हातून फिरवावा. माल आला कीं मोजून, पारखून घ्यावा आणि मगच पैसे द्यावे. सभासद स्वतःच शिंपी असेल, किंवा अध्यक्षाचा मेहुणा गवंडीकामाचा ठेका मागत असेल, तर त्यानें तें उघड सांगावें आणि ठरावाच्या वेळीं बाहेर बसावें. यांत कोणाचा अपमान नाहीं. स्वतःच्या बांधाचा तंटा असतां पंचानें निवाड्यास बसूं नये, ही आपली जुनीच रीत आहे.

तिसरी गोष्ट मदतीस येणाऱ्या स्वयंसेवकांची. याविषयीं आपल्या भागास बाहेरून धडा घ्यावयास नको. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस काम मांडलें आणि पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं बालवाडी पाड्यावर नेली. गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं कुरणांतच शाळा भरविली. मुलांची अडचण आधीं पाहिली आणि मग काम केलें. आज कोणी मोटारींतून येतो, दप्तरें वाटतो, फोटो काढतो आणि जातो. देणाऱ्यास नमस्कार करा. पण शाळेस काय हवें तें समितीनें ठरवून त्यास सांगावें. पिण्याच्या पाण्याची टाकी फुटलेली असतां भिंतीवर दात्याचें नांव रंगवून काय उपयोग?

आपल्याच पाड्यावरची बारावी झालेली मुलगी आठवड्यांतून दोन तास आली, तर पहिलीच्या पोरांस वारली बोलींतून गोष्ट समजावून देईल. अशी मदत घ्यावी. मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवा. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हें कायद्याचें माप आहे. शिक्षकाची जागा रिकामी ठेवून तेथें फुकटची पोर बसविणें ही मदत नव्हे, ती नवी वेठ आहे. आणि जो कोणी मुलांजवळ जाणार, मग तो स्वयंसेवक असो, ठेक्याचा सफाईवाला असो वा पाहुणा असो, तो कोण, कोठला, त्याची चौकशी झाली आहे काय, हें समितीच्या वहींत असलें पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूरच्या एका शाळेंत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या आरोपावरून ठेक्यानें नेमलेल्या सफाई कामगारास अटक झाली, तेव्हां सारा महाराष्ट्र हादरला. "माणूस ठेकेदाराचा, आम्हांस माहीत नाहीं," हें उत्तर मुलीच्या बाबतींत चालत नाहीं.

माझे कांहीं शिक्षकबंधु म्हणतील, "हा आपल्यांतलाच असून लोकांस आपल्यावर घालतो." तसें नाहीं. छप्पर, खिचडी, कपडे आणि बिलें यांखालीं शिक्षक दबला आहे. हिशेब उघडा असला तर प्रामाणिक शिक्षकावर बालंट येत नाहीं, आणि ओझें चार खांद्यांवर वांटलें जातें. भिणार तो, ज्याचा हिशेब जुळत नाहीं.

आतां करावयाचें काय, तें सांगतों.

एक, सभा मजुरी बुडणार नाहीं अशा वेळीं, संध्याकाळीं भरवावी आणि तिची खबर प्रत्येक पाड्यावर द्यावी. भरदिवसां सभा ठेवून "पालक येत नाहींत" म्हणूं नये.

दोन, ठराव सभेंतच लिहावा, मोठ्यानें वाचून दाखवावा, ज्यांस मराठी नीट कळत नाहीं त्यांस त्यांच्या बोलींत सांगावा, आणि मगच सही घ्यावी. कोऱ्या पानावर सही नाहीं, अंगठाही नाहीं.

तीन, किती आले, कशावर गेले, किती उरले, हें शाळेच्या फळ्यावर लिहावें.

चार, हाच हिशेब ग्रामसभेंत वाचावा. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रांत आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें येथील ग्रामसभेस मोठा मान दिला आहे. ग्रामपंचायतीनें योजनांवर केलेल्या खर्चाचा दाखलाही ग्रामसभेकडून घ्यावा लागतो.

पांच, कोणी दाद दिली नाहीं, तर भांडूं नका, लिहा. शिक्षणाच्या कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाप्रमाणें केलेल्या लेखी तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे. २००५ च्या माहितीच्या अधिकारानें १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत कागद मागतां येतो. दारिद्र्यरेषेखालील माणसास तेही १० रुपये पडत नाहींत.

शेवटीं एक सांगतों. १८८२ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें मांडलें कीं, पैसा रयतेच्या घामाचा येतो आणि तो वरच्या वर्गांच्या विद्येवर खर्च होतो; रयतेच्या पोरांसाठीं प्राथमिक शाळा काढा आणि शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्या. शाळा आल्या. आपल्या पोरांतून शिक्षकही झाले. मी त्यांतलाच एक. उरलें आहे तें एवढेंच कीं, ज्यांचा पैसा व ज्यांचीं पोरें त्यांनीं वही उघडून वाचावी. येत्या निवडीच्या वेळीं बाप्यांनीं मागें सरून बायांस पुढें येऊं द्यावें, आणि ज्या बाईस वाचतां येत नाहीं तिच्याशेजारीं तिच्या सातवींतल्या लेकीनें बसून ठराव वाचून दाखवावा. शाळेनें काय शिकविलें, हें त्याच दिवशीं कळेल.