शहाऐंशीव्या मजल्यावरून
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत प्रवासवर्णनपर काही सांगावे, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. गेल्या वर्षी न्यूयॉर्क शहर पाहण्याचा योग आम्हांस आला होता. त्या अफाट शहराविषयी सारेच सांगू गेल्यास भाषणाची नुसती यादी व्हावयाची. म्हणून एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या शहाऐंशीव्या मजल्यावरील गच्ची एवढाच विषय आम्ही घेतला आहे.

आपल्या कोलकात्याच्या मैदानावरचा शहीद मिनार आपण सर्व जण नित्य पाहतो. त्याची उंची सुमारे ४८ मीटर. एम्पायर स्टेटची ही गच्ची जमिनीपासून सुमारे ३२० मीटरांवर, म्हणजे त्याच्या साडेसहा पटींहून अधिक उंचीवर आहे. इमारत एकूण १०२ मजल्यांची. जगात आज तिच्याहून पुष्कळ उंच इमारती आहेत. दुबईची २०१० साली खुली झालेली बुर्ज खलिफा ८२८ मीटरांची आहे. तथापि १९३१ पासून सुमारे चाळीस वर्षे जगातील सर्वांत उंच इमारत हा मान एम्पायर स्टेटकडेच होता.

तिच्या जन्माची हकीकत ऐकण्याजोगी आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, आणि मार्च १९३० मध्ये, मंदीचे सावट दाटत असतानाच, हिचे बांधकाम सुरू झाले. १ मे १९३१ रोजी ती खुली झाली. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून कळ दाबली आणि इमारतीतील दिवे लागले. १ मे ही तारीख पुढे १९६० साली आपल्या महाराष्ट्र राज्याच्या वाट्यास आली, हा एक सुखद योगायोग. मंदीमुळे जागा भाड्याने जाईनात. लोक तिला ‘एम्प्टी स्टेट’, म्हणजे रिकामे राज्य, म्हणून हिणवू लागले. त्या दिवसांत मालकांना मोठा आधार झाला तो या गच्चीवरील तिकिटांच्या उत्पन्नाचा. शहरात लोक कामावाचून हिंडत होते, तरीही पदरचे पैसे मोडून माणसे वर चढत होती. उंचावरून पाहण्याची ओढ मनुष्यस्वभावात किती खोल आहे, हे यावरून ध्यानात यावे.

इतक्या थोड्या काळात हे काम झाले कसे? पोलादी सांगाड्याचे भाग कारखान्यात मापाबरहुकूम तयार होऊन येत आणि जागेवर रिव्हेट ठोकून जोडले जात. रिव्हेट ठोकणारी टोळी चौघांची असे. एक जण भट्टीत रिव्हेट लालभडक तापवी आणि चिमट्याने उचलून दूर फेकी. दुसरा ते निखाऱ्यासारखे रिव्हेट हातातील पत्र्याच्या डब्यात अलगद झेली आणि भोकात बसवी. तिसरा मागून टेकू देई आणि चौथा हवेच्या दाबाने चालणाऱ्या हातोड्याने ठोकून ते पक्के करी. खाली शेकडो फूट पोकळी. झेलणारा चुकला तर खालच्या माणसाच्या जिवावर बेतावयाचे. या कामगारांत आयर्लंड-इटलीहून आलेले होते, तसेच कॅनडातील मोहॉक जमातीचेही होते. जगातील ही सर्वांत उंच इमारत उभी केली त्यांत घर सोडून दूर आलेली माणसे पुष्कळ होती. लुईस हाइन या छायाचित्रकाराने या कामगारांची छायाचित्रे घेऊन ठेवली म्हणून त्यांचे चेहरे तरी आज आपल्याला दिसतात.

आता गच्चीकडे वळू. तपासणी उरकून आपण उद्वाहनात शिरतो. कानांना दडे बसतात आणि मिनिटभरात ऐंशीवा मजला येतो. तेथून आणखी सहा मजले वर गेले की उघड्या गच्चीवर पाऊल पडते. प्रथम जाणवतो तो वारा. मग खालून येणारा एक अखंड गुंजारव. मोटारींचे भोंगे, रुग्णवाहिका, माणसे, सर्वांचा मिळून एकच आवाज झालेला असतो. पश्चिमेस हडसन नदी व तिच्यापलीकडे न्यू जर्सी, पूर्वेस ईस्ट रिव्हर, उत्तरेस सेंट्रल पार्कचा हिरवा आयत, दक्षिणेस बेटाचे टोक आणि त्यापुढे समुद्र. पिवळ्या टॅक्सी काड्यापेटीएवढ्याही दिसत नाहीत.

पहिली पाच-दहा मिनिटे मन विस्मयाने भरून जाते. नंतर मात्र एक चमत्कारिक अनुभव येतो. सारे दिसत असते आणि काहीच आपले वाटत नाही. पुढ्यात जणू एक नकाशा पसरलेला असतो. आसपासचे लोक बोट दाखवून काही तरी शोधत असतात. कोणी आपले हॉटेल, कोणी मुलीचे वसतिगृह, कोणी आजोबा ज्या धक्क्यावर उतरले तो धक्का. दृष्टिहीन असलेल्या हेलन केलर या इमारतीच्या माथ्यावर आल्या होत्या, आणि आपल्याला तेथे काय ‘दिसले’ ते त्यांनी नंतर एका पत्रात लिहिले. पाहण्यास डोळ्यांखेरीज आणखी काही लागते, हेच यावरून सिद्ध होते. ते आणखी काही म्हणजे ओळख. आम्हीही त्या नकाशात ओळखीची माणसे शोधू लागलो, आणि ती सापडली.

दक्षिणेस ब्रुकलिन पूल दिसतो. तो २४ मे १८८३ रोजी खुला झाला. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, ४ जून १८८३ रोजी, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. त्या निघाल्या होत्या कोठून? आपल्याच या शहरातून. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. बदल्या होत होत ते कलकत्त्यास आणि पुढे येथून वीसेक किलोमीटरांवर असलेल्या श्रीरामपुरास आले. परदेशगमनाचा आपला हेतू आनंदीबाईंनी जाहीर भाषणात सांगितला तो श्रीरामपुरातच. बदलीच्या नोकरीतील बिऱ्हाडे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तशाच एका बिऱ्हाडातून निघून ती मुलगी सातासमुद्रापार गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली.

नैर्ऋत्येस, हडसनपलीकडे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, रोझेल नावाचे गाव आहे. थिओडिशिया कार्पेंटर ही बाई तेथे राहत असे. ना नात्याची, ना धर्माची, ना भाषेची. एका मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचून तिने पत्रव्यवहार सुरू केला, आनंदीबाईंना बंदरावर उतरवून घेतले आणि आपल्या घरी ठेवले. आनंदीबाई तिला मावशी म्हणत. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले तेव्हा त्यांच्या अस्थी या मावशीकडेच पाठविण्यात आल्या. हडसनच्या काठाने उत्तरेस शंभरावर किलोमीटर गेले की पकिप्सी हे गाव लागते. तेथील कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या अस्थींना विसावा मिळाला. गच्चीवरून ते गाव दिसत नाही, पण नदी त्याच दिशेने जाताना दिसते, आणि तेवढ्याने ती नदी परकी राहत नाही.

उत्तरेसच, सेंट्रल पार्कच्या वायव्येस, कोलंबिया विद्यापीठ आहे. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली तेथे आले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. दक्षिणेस दिसणारी वूलवर्थ बिल्डिंग त्याच वर्षी पुरी होऊन जगातील सर्वांत उंच ठरली होती. ती उंची पाहण्यास सारे जग लोटत असताना हा तरुण ग्रंथालयात बसून होता. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तेथे भारतातील जातींच्या उगमासंबंधीचा आपला निबंध वाचला. समाजातही मजले असतात आणि खालच्या मजल्यावरील माणसाला वर येण्यास जिना ठेवलेला नसतो, हे दुःख त्यांनी जन्मापासून भोगले होते. त्या मजल्यांची मांडणी त्यांनी शास्त्राच्या भाषेत केली ती त्या शहरात.

सभ्य स्त्रीपुरुषहो, ही एवढी माणसे सापडल्यावर त्या नकाशाचे आमच्यापुरते गाव झाले. आता आपल्या मंडळाच्या संदर्भात दोन शब्द बोलणे आम्ही कर्तव्य समजतो.

पन्नास वर्षे ही सुद्धा एक उंची आहे. तिच्यावरून पाहता गणेशोत्सव, नाटके, ग्रंथालय, हळदीकुंकू, हे सारे नजरेत भरते, आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. परंतु उंचीचा एक स्वभाव आहे. वरून माथे दिसतात, गल्ल्या दिसत नाहीत. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून निघालेले मराठी गलाई कामगार भारतभर सोन्याचांदीच्या बाजारांत भट्टीपुढे बसलेले आहेत. ते आपल्याही शहरात आहेत. गावाकडून मोठ्या इस्पितळात उपचारांसाठी आलेले आणि भाषा न समजल्याने खिडकीखिडकीपुढे उभे राहणारे आप्तेष्ट आहेत. शिक्षणाकरिता, नोकरीकरिता एकटी आलेली मुलेमुली आहेत. सभासदांच्या यादीवरून पाहिले तर यांतील फारच थोडी नावे दिसतात. निमंत्रणपत्रिका छापल्याने ती माणसे येणार नाहीत. त्यांच्याकडे कोणी तरी गेले पाहिजे.

न्यूयॉर्कच्या त्या मनोऱ्यावर आग झालेले रिव्हेट झेलणारा एक माणूस असे, म्हणून सांगाडा उभा राहिला. परक्या बंदरात उतरलेल्या मुलीस झेलणारी एक कार्पेंटर मावशी होती, म्हणून आपल्याला आनंदीबाई लाभल्या. दूरदेशी येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात कोणी तरी झेलावे लागते. स्टेशनावर जाणे, खोली पाहून देणे, शाळेचा अर्ज लिहून देणे, इस्पितळात सोबतीस बसणे, ही कामे लहान दिसतात आणि कोणत्याही अहवालात त्यांना जागा मिळत नाही. तरी मंडळे टिकतात ती यांच्यावर. आपल्यापैकी बहुतेकांना या शहरात पहिल्या दिवशी कोणी ना कोणी उतरवून घेतले आहे. तो माणूस मराठी असेल वा बंगाली, त्याचे ऋण एकाच रीतीने फिटते, पुढच्याला उतरवून घेऊन.

म्हणून आमची सूचना अशी की, सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने पाच-सहा सभासदांची एक छोटी समिती याच कामासाठी नेमावी. तिला मोठे नाव देण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ बाजाराकडे आणि एक इस्पितळाकडे, एवढे जरी झाले तरी पुष्कळ होईल. तरुण सभासदांनी पुढे यावे. आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांनाही बंगाली बोलता येते आणि रांगेत उभे राहता येते. आम्ही आपले नाव या क्षणी देत आहोत.



जय हिंद! जय महाराष्ट्र!