डोंबिवलीच्या फलाटावरचा आकडा

(एका शाळेच्या विज्ञान मंडळात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी कला शाखेचा पदवीधर. उभा जन्म वृत्तपत्रात गेला. गणिताशी संबंध पगाराच्या हिशोबापुरता. तरीही आज एका आकड्याविषयीच बोलणार आहे. फळ्यावर पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढणारा आणि तसाच उतरणारा. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी दिलेली स्थानांची नावे लावली, तर यातील पहिला एक 'मध्य' या सतराव्या स्थानी बसतो. पुढचे स्थान परार्धाचे. सेकंदाला एक याप्रमाणे मोजू लागलो, तर एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील.

हा आकडा म्हणजे नऊ वेळा लिहिलेल्या एकाचा, १११११११११ चा, वर्ग. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अध्यापन करणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अशा संख्यांना 'डेमलो' हे नाव दिले. डेमलो म्हणजे आजचे डोंबिवली; त्या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले. आपल्या आकड्यातील अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने तो निःशेष भागला जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. म्हणजे तो हर्षदही आहे!

येथे टाळ्या वाजवून घरी जाता येईल. पण मग ती जादूगाराची करामत ठरेल, गणित नव्हे. कारण शोधा. गुणाकार मांडा : नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन असे एक साठत जातात. मधल्या रकान्यात नऊ, पुन्हा उतार. कोठेही हातचा नाही, म्हणून शिडी शाबूत.

आता दहा एकांचा वर्ग करा. मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा लागतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ हरपला, शिडी मोडली! हे मोडणेही सांगितले पाहिजे. जो केवळ जुळणारे दाखवतो आणि न जुळणारे झाकतो, तो आपल्या पूर्वजांचा गौरव करीत नाही.

इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढून उलट क्रमाने उतरणारी म्हणून वर्णिली. तो वारसा खराच. पण वारसा सांगून पुढे जात नाही, पडताळून पुढे जातो. कापरेकर गुरुजींकडे विद्यापीठाचे अध्यासन नव्हते. शाळेतील नोकरी, कागद आणि पेन्सिल होती. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला ते माहीत झाले. १९८६ मध्ये ते गेले.

आज घरी जाऊन तो गुणाकार स्वतः करा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. गुरुजींना वाहिलेली तीच खरी आदरांजली.